हिरड्या मागे हटल्या आहेत. चिरफाड किती करावी लागेल?

सोलापुरात पन्नाशी ओलांडलेली एखादी मावशी दातांच्या दवाखान्यात येते तेव्हा तिची तक्रार बहुधा अशी असते: “डॉक्टर, दात लांब व्हायलेत बघा, आणि माठातलं पाणी प्यालं तरी कळ जायली.” प्रौढ वयात दात वाढत नाहीत. दाताच्या मानेभोवती घट्ट बसलेली हिरडी मुळाच्या दिशेने मागे हटते, आजवर झाकलेले मूळ उघडे पडते आणि म्हणून दात लांब दिसू लागतो. वरच्या दातांवर हिरडी वर सरकते, खालच्या दातांवर खाली. हा प्रकार वर्षानुवर्षे, अंशाअंशाने चालू असतो, त्यामुळे बहुतेकांच्या तो उशिरा लक्षात येतो. थंड पाण्याने कळ आली, फोटोत हसताना दातांच्या बुडाशी पिवळसर पट्टा दिसला किंवा दातांच्या फटीत भाजीचे धागे अडकू लागले, की मग आरसा हातात घेतला जातो.

अलीकडे मोबाइलवर ‘टाके नाहीत, चिरफाड नाही, एका बैठकीत हिरड्या पूर्ववत’ अशा जाहिराती दिसतात आणि लोक त्या दाखवून डॉक्टरांना विचारतात की हे खरे का. त्यातले बरेचसे खरे आहे, पण ते सर्वांसाठी खरे नाही. उपचारात छेद किती लहान घेतला, यावर निकाल फारसा ठरत नाही. हिरडी कशामुळे हटली आणि दोन दातांच्या मधले हाड किती शिल्लक आहे, या दोन गोष्टींवर तो ठरतो. त्यांची उत्तरे हातात असली तर कमी चिरफाडीचे उपाय खरोखर चांगले काम करतात. नसली तर सर्वांत नाजूक शस्त्रक्रियाही वर्षा-दोन वर्षांत वाया जाऊ शकते.

उघड्या मुळाचे काय बिघडते

दाताच्या वरच्या भागावर, म्हणजे जो आपल्याला दिसतो त्यावर, इनॅमलचे कठीण आवरण असते. मुळावर ते नसते. मुळावर सिमेंटम नावाचा थर असतो आणि दाताच्या मानेजवळ तो केसाच्या जाडीहूनही बहुधा पातळ असतो. हिरडी हटल्यावर हा थर ब्रशने, आंबटाने किंवा दवाखान्यातल्या साफसफाईतही सहज निघून जातो आणि खालचे डेंटिन उघडे पडते. डेंटिनमध्ये आतल्या नसेच्या दिशेने जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. थंड, गोड, आंबट किंवा नुसती हवा लागली तरी हा द्रव हलतो, आतल्या मज्जातंतूंना धक्का बसतो आणि क्षणभर सणकन कळ येते. पदार्थ बाजूला केला की कळ थांबते. ती थांबली नाही, रात्री ठणका लागला किंवा गरमाने वाढून बराच वेळ टिकली, तर प्रश्न हिरडीचा राहिलेला नसतो. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचल्याची शक्यता आधी तपासावी लागते.

कीड हा उघड्या मुळाचा दुसरा धोका. इनॅमल विरघळण्यासाठी तोंडातील आम्लता बरीच वाढावी लागते, साधारण ५.५ पीएचपर्यंत (हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त), मुळाचा पृष्ठभाग मात्र त्याच्या पुष्कळ आधी, ६.२ ते ६.७ पीएचच्या आसपासच, झिजू लागतो. म्हणजे जो गोड चहा दाताच्या माथ्याला फारसा त्रास देत नाही, तोच मुळाला कीड लावू शकतो. रक्तदाबाच्या किंवा मनोविकाराच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते. अशा माणसांत हा धोका आणखी वाढतो.

हिरडी हटते कशाने

कारणे अनेक आहेत आणि एकाच तोंडात दोन-तीन एकत्र नांदतात. सर्वांत परिचित कारण म्हणजे हिरड्यांचा जुना आजार. दातांवर साचलेला जिवाणूंचा चिकट थर वेळेवर निघाला नाही की त्याचे कीटण होते, हिरडी सुजते, ब्रश केल्यावर रक्त येते आणि पुढे दाताभोवतीचे हाड विरघळू लागते. हाड खाली गेले की हिरडीही त्याच्या मागोमाग जाते. मधुमेह ताब्यात नसेल तर हा आजार वेग घेतो.

दुसरे कारण याच्या अगदी उलट माणसांत दिसते. दात लख्ख असतात, कीटणाचा कण नसतो, पण सुळे आणि उपदाढांवरची हिरडी हटलेली असते आणि मानेशी पाचरीसारखी खाच पडलेली असते. ही बहुधा कडक ब्रशची आणि आडव्या घासण्याची करामत. उजव्या हाताने ब्रश धरणाऱ्याच्या तोंडात डाव्या बाजूची हिरडी अनेकदा जास्त हटलेली आढळते, कारण घासायला सुरुवात तिथून होते आणि जोरही तिथेच लागतो. राख, विटकरीचा चुरा, मीठ, कोळशाची पूड यांनी दात घासणारी घरे कमी झाली असली तरी संपलेली नाहीत, आणि आता तर कोळसा नव्या वेष्टनात दुकानात परत आला आहे.

सोलापूरकरांनी विशेष लक्ष द्यावे असे कारण म्हणजे मिश्री. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू बोटावर घेऊन हिरड्यांवर चोळत बसण्याची सवय विडी वळणाऱ्या आणि शेतमजुरी करणाऱ्या अनेक बायकांना आहे. सकाळचे दात घासणे म्हणून ती सुरू होते, मग दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा आणि हळूहळू व्यसन होते. मिश्री दोन बाजूंनी घात करते: तिचे खरखरीत कण हिरडीची कड झिजवतात आणि तिच्यातील निकोटीन हिरडीच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. परिणाम असा की हिरडीतून रक्त येत नाही, ती फिकी आणि घट्ट दिसते, आणि ‘मिश्रीने हिरड्या मजबूत होतात’ हा समज पक्का होतो. प्रत्यक्षात रक्त न येणे हे तिथे रक्तपुरवठा कमी झाल्याचे लक्षण असते; आत आजार चालूच असतो. तंबाखूची गोळी किंवा गुटखा रोज ज्या जागी गालात दाबला जातो, नेमकी तिथली हिरडी हटलेली आणि पांढरट झालेली दिसते. तो पांढरट, खरबरीत चट्टा दिसला तर हिरडीचा विचार बाजूला ठेवून आधी त्याचीच तपासणी करून घ्यावी, कारण त्याचे रूपांतर पुढे कर्करोगात होऊ शकते.

काही कारणे जन्मजात असतात. हिरडी मुळातच पातळ असणे, दात ओळीतून पुढे आलेला असणे, त्यामुळे त्याच्या पुढच्या बाजूला हाड अगदी पापुद्र्याएवढे किंवा नसल्यासारखे असणे, ओठाला जोडणारी त्वचेची दोरी हिरडीच्या कडेपर्यंत येऊन ओढ देत असणे, ही त्यांतली मुख्य. पूर्वी दात सरळ करण्यासाठी तारा बसवलेल्या काही जणांतही दात हाडाच्या मर्यादेबाहेर सरकल्यामुळे हिरडी हटलेली दिसते.

आधी मोजमाप, मग उपचार

हिरड्यांचे तज्ज्ञ एक बारीक, मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई दाताच्या बाजूने हलकेच आत घालतात. समजा हिरडी मूळच्या जागेपासून ३ मिलिमीटर हटली आहे आणि हिरडी आणि दात यांच्यामधली खोबण २ मिलिमीटर खोल आहे. म्हणजे त्या दाताचा आधार एकूण ५ मिलिमीटरने कमी झाला आहे. रुग्णाला ३ दिसतात, डॉक्टरांना ५ मोजायचे असतात. त्याच वेळी सळई हिरडीतून आरपार काळपट दिसते का हेही पाहिले जाते. दिसली तर हिरडी पातळ.

यानंतरचा प्रश्न दोन दातांच्या मधल्या हिरडीच्या टोकाचा आणि त्याखालच्या हाडाचा. इथे थोडे थांबून कारण समजून घेतले पाहिजे, कारण सगळ्या शस्त्रक्रियांचे भवितव्य यावर अवलंबून आहे. शरीरावर कुठेही कातडी सरकवून किंवा जोडून लावली तर ती जगण्यासाठी खालून रक्त मिळावे लागते. दाताच्या मुळाच्या पृष्ठभागात रक्तवाहिन्या नसतात. मुळावर ओढून आणलेल्या हिरडीला खालून काहीच मिळत नाही. तिला जगवायचे ते दोन्ही बाजूंच्या हिरडीने आणि हाडाने. ती बाजूची उंची शाबूत असेल तर मूळ पुन्हा पूर्ण झाकले जाऊ शकते. बाजूलाच हाड खचले असेल तर मध्ये ओढून आणलेली हिरडी त्या खचलेल्या पातळीच्या वर टिकत नाही, मग शस्त्रक्रिया कोणत्याही नावाची असो.

याच आधारावर १९८५ साली हिरड्यांचे संशोधक मिलर यांनी हिरडी हटण्याचे चार वर्ग केले आणि २०११ साली कैरो व सहकाऱ्यांनी ते तीन प्रकारांत सोपे केले. आज जगभर हेच तीन प्रकार जास्त वापरले जातात. पहिल्या प्रकारात दातांच्या मधला आधार शाबूत असतो आणि मूळ पूर्ण झाकले जाण्याची चांगली शक्यता असते. दुसऱ्यात मधला आधारही कमी झालेला असतो, पण पुढच्या बाजूपेक्षा जास्त नाही. तिथे बहुधा अर्धेमुर्धे झाकले जाते. तिसऱ्यात मधला आधार पुढच्या बाजूपेक्षाही जास्त गेलेला असतो आणि पूर्ण झाकण्याची आशा धरता येत नाही. ब्रशने हटलेली हिरडी बहुधा पहिल्या प्रकारात बसते, जुन्या आजाराने हटलेली दुसऱ्या-तिसऱ्यात. जाहिरातींतले आधीचे-नंतरचे फोटो जवळजवळ नेहमी पहिल्या प्रकारातले असतात, हे पाहणाऱ्याला कोणी सांगत नाही.

छेदाशिवाय होणारे उपाय

हटलेली हिरडी आपोआप, तेलाच्या गुळण्यांनी, तुरटीने, हळदीने किंवा कोणत्याही मलमाने पूर्वीच्या जागी परत येत नाही. पण प्रत्येक हटलेल्या हिरडीवर शस्त्रक्रिया लागते असेही नाही. कळ नाही, कीड नाही, खाच खोल नाही, दिसण्याची अडचण नाही आणि वर्षभराच्या अंतराने घेतलेली मापे जागच्या जागी आहेत, तर कारण दूर करून लक्ष ठेवणे हा पुरेसा उपचार असतो. तरीही मोजमाप चुकवू नये, कारण तशाच सोडलेल्या जागा वर्षांच्या ओघात बऱ्याचदा आणखी हटतात.

पहिले काम ब्रशचे. मऊ तारांचा ब्रश घ्यावा, तो मुठीत आवळून धरण्याऐवजी पेनासारखा बोटांत धरावा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. तारा हिरडीच्या कडेशी तिरक्या, साधारण ४५ अंशांत टेकवून जागच्या जागी हलक्या थरथरवाव्यात आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवाव्यात. दोन मिनिटे पुरतात. महिन्याभरातच तारा बाहेरच्या बाजूला फाकल्या असतील तर जोर अजून जास्त होतो आहे असे समजावे. चिंच, लिंबू किंवा कैरी खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये. चूळ भरून अर्धा तास जाऊ द्यावा.

दुसरे काम दवाखान्यातील साफसफाईचे. हिरड्या सुजलेल्या असतील तर कीटण काढणे आणि हिरडीखालचे मूळ गुळगुळीत करणे, हाच मुख्य उपचार असतो. यानंतर एक गोष्ट घडते आणि तिच्यावरून डॉक्टरांशी भांडणे होतात: सूज उतरते, हिरडी आक्रसते आणि मूळ पूर्वीपेक्षा थोडे जास्त उघडे दिसते. ‘साफसफाईने फटी पडल्या’ हा आपल्याकडचा लाडका आरोप यातून जन्मला आहे. फट आधीपासून होती. ती कीटणाने आणि सुजेने भरलेली होती.

कळ थांबवण्यासाठी ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट, स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिन असलेल्या टूथपेस्ट मिळतात. पोटॅशियम मज्जातंतू शांत करते. बाकीचे घटक त्या सूक्ष्म नळ्यांची तोंडे बुजवतात. या पेस्ट दिवसातून दोनदा, निदान तीन-चार आठवडे नेमाने वापराव्या लागतात. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून बदलत राहण्यात अर्थ नाही. त्याने भागले नाही तर दवाखान्यात मुळावर ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे वार्निश लावतात; त्याला भूल लागत नाही आणि काही मिनिटे पुरतात. मानेशी खाच पडली असेल तर ग्लास आयोनोमर किंवा दाताच्या रंगाच्या कंपोझिटने ती भरता येते. पुढच्या दातांत फार मोठी उंची गेली असेल आणि शस्त्रक्रियेने ती परत येणार नसेल, तर गुलाबी कंपोझिट किंवा काढता-घालता येणारा हिरडीच्या रंगाचा पातळ मुखवटा बसवण्याची सोय आहे. दिसण्याचा प्रश्न तो चांगला सोडवतो आणि त्याची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही.

कमी चिरफाडीच्या शस्त्रक्रिया

कळ थांबत नाही, हिरडी वर्षागणिक आणखी हटते आहे, ती इतकी पातळ आहे की ब्रश लागला तरी दुखते, किंवा हसताना मूळ दिसते, अशा वेळी मूळ झाकण्याची शस्त्रक्रिया विचारात घेतात. तिचे तत्त्व सोलापुरी चादरीच्या उदाहरणाने चटकन कळते. चादर सरकून पाय उघडे पडले असतील तर दोन मार्ग असतात: चादर पुरेशी असेल तर तीच ओढून घ्यायची, आणि तोकडी किंवा विरलेली असेल तर तिला कापड जोडायचे.

जुन्या पद्धतीत दाताच्या बाजूंना उभे छेद घेऊन हिरडीचा पडदा सोडवतात, तो दाताच्या टोकाकडे ओढून टाके घालतात आणि गरजेनुसार त्याखाली टाळूतून काढलेला संयोजी ऊतीचा, म्हणजे कातडीखालच्या तंतुमय थराचा, तुकडा ठेवतात. १९८५ साली बी. लँगर आणि एल. लँगर यांनी या तुकड्याची पद्धत मांडली आणि आज चाळीस वर्षांनंतरही मूळ झाकण्याच्या बाबतीत इतर पद्धती तिच्याशीच ताडून पाहिल्या जातात. कारण साधे आहे: ती मूळ झाकतेच, शिवाय हिरडी जाडही करते, आणि जाड हिरडी पुढे टिकते. तिची उणीव म्हणजे तोंडात दोन जखमा होतात. टाळूची जखम आठ-दहा दिवस चांगलीच जाणवते, आणि अनेक दात असतील तर टाळूत तेवढी ऊतीही मिळत नाही.

कमी चिरफाडीच्या पद्धती या अडचणींतून निघाल्या. बोगद्याच्या पद्धतीत दातांच्या मधली हिरडीची टोके मुळीच कापत नाहीत. हिरडीच्या कडेतूनच बारीक, वाकडी हत्यारे आत घालून दोन-चार दातांवरची हिरडी आतून सुटी करतात, त्या बोगद्यातून ऊतीचा तुकडा सरकवतात आणि सगळे एकत्र दाताच्या टोकाकडे घेऊन केसासारख्या बारीक दोऱ्याने बांधतात. टोके अखंड राहिल्याने रक्तपुरवठा शाबूत राहतो, व्रण दिसत नाहीत आणि सूज कमी येते. झादेह यांनी २०११ मध्ये मांडलेल्या ‘व्हिस्टा’ पद्धतीत बोगद्यात शिरण्याची वाट हिरडीच्या कडेऐवजी ओठाच्या आतल्या बाजूला घेतलेल्या एका उभ्या छेदातून असते, त्यामुळे नाजूक कड फाटण्याची भीती कमी होते. सरकवलेली हिरडी हलू नये म्हणून टाके काही आठवडे दातांना चिकटवून ठेवतात.

जाहिरातींत सर्वाधिक दिसते ती पिनहोल पद्धत. कॅलिफोर्नियातील दंतवैद्य जॉन चाओ यांनी ती विकसित केली आणि २०१२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भूल दिल्यावर हिरडीच्या कडेपासून दूर, ओठाच्या आतल्या मऊ भागात दोन-तीन मिलिमीटरचे एकच छिद्र करतात. त्यातून खास वळणाची हत्यारे आत घालून अनेक दातांवरची हिरडी हाडापासून मोकळी करतात आणि ती सैल झाल्यावर मुळांवर सरकवतात. मग त्याच छिद्रातून कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या बारीक पट्ट्या आत भरतात. दातांच्या मधल्या टोकांखाली त्या दाटून बसल्या की हिरडी नव्या जागी धरून राहते आणि टाके लागत नाहीत. टाळूची जखम नाही, छिद्र एक-दोन दिवसांत बुजते आणि एका बैठकीत बरेच दात होतात, हे तिचे खरे फायदे आहेत. चाओ यांच्या त्या अभ्यासात ४३ रुग्णांच्या १२१ जागा होत्या, सरासरी दीड वर्ष पाहणी झाली आणि मिलरच्या पहिल्या दोन वर्गांत, म्हणजे दातांच्या मधला आधार शाबूत असलेल्या जागांत, सरासरी ९४ टक्के मूळ झाकले गेले.

हा आकडा चांगला आहे, पण तो वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तो पद्धतीच्या जनकाच्या स्वतःच्या हातचा आहे, आणि टाळूच्या ऊतीच्या पद्धतीला जसा दशकांच्या तुलनात्मक अभ्यासांचा आधार आहे तसा पिनहोलला अजून नाही. दुसरे म्हणजे पिनहोलमध्ये आहे तीच हिरडी सरकवली जाते. हिरडी मुळात विरलेली असेल तर कोलॅजेनच्या पट्ट्या विरघळल्यावर ती पुरेशी जाड राहीलच असे नाही. हिरडी बऱ्यापैकी जाड, अनेक दातांवर थोडी थोडी हटलेली आणि मधले हाड शाबूत, अशा तोंडात पिनहोल उत्तम. खालच्या पुढच्या एकाच दातावर कागदासारखी पातळ हिरडी असेल तर माझ्या मते टाळूची आठ-दहा दिवसांची ठसठस सोसलेली बरी.

टाळूऐवजी काय वापरता येते, यालाही आता बरेच पर्याय आहेत. रुग्णाचेच थोडे रक्त काढून ते सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवले की रक्त गोठवणाऱ्या फायब्रिन या प्रथिनाचा पिवळसर, लवचिक गोळा मिळतो. तो दाबून पडदा तयार करतात. पीआरएफ नावाने ओळखली जाणारी ही पद्धत २००१ साली फ्रान्समध्ये चौक्रून यांनी मांडली. बाहेरून काही विकत आणावे लागत नसल्याने ती आपल्याकडे रुळली. जखम भरायला तिची मदत होते, पण हिरडी जाड करण्यात ती टाळूच्या ऊतीची बरोबरी करत नाही. कोलॅजेनचे तयार पडदे गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींपासून बनतात आणि इनॅमलच्या प्रथिनांचे एक जेल डुकराच्या वाढत्या दातांपासून काढतात. ज्यांना श्रद्धेमुळे यांतले काही चालत नसेल त्यांनी संकोच न करता आधीच विचारावे. डॉक्टर स्वतःहून सांगायचे विसरू शकतात आणि पर्याय नेहमी असतो.

लेझरबद्दल थोडक्यात. ओठाची ओढणारी दोरी सोडवायला डायोड लेझर सोयीचा असतो आणि हिरड्यांच्या आजारात साफसफाईला जोड म्हणून काही लेझर वापरतात. लेझरने हिरडी उगवत नाही आणि उघडे मूळ झाकले जात नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पंधरा दिवस

छिद्र पिनचे असले तरी आत हिरडी बरीच सुटी केलेली असते, त्यामुळे पद्धत कोणतीही असो, पहिल्या दोन आठवड्यांची शिस्त जवळजवळ सारखीच. त्या भागात ब्रश लावायचा नाही. क्लोरहेक्सिडीनच्या औषधाने गुळण्या करायच्या. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव काही दिवस जाते, पण डाग नंतर साफ होतात. ओठ ओढून आरशात पाहण्याचा मोह फार होतो आणि तोच सर्वांत घातक, कारण त्या एका ओढीने जागेवर बसू लागलेली हिरडी सुटू शकते.

खाण्याचा प्रश्न सोलापुरात जरा बिकट. कडक भाकरी, शेंगाची चटणी, भाजलेला हुरडा, चिवडा हे सगळे या काळात वर्ज्य. शेंगाच्या चटणीचा बारीक दाणा हिरडीच्या कडेखाली शिरला की तो निघता निघत नाही. ज्वारीची आंबील, मऊ खिचडी, दही-भात, गार केलेले वरण यांवर दिवस काढावेत आणि पहिले दोन दिवस गरम चहाही कोमट करून प्यावा. मिश्री, तंबाखू, विडी-सिगारेट निदान काही आठवडे आधी आणि नंतर बंद हवीत; निकोटीनने आकुंचित झालेल्या रक्तवाहिन्यांवर सरकवलेली हिरडी जगवायची कशी, हा प्रश्न शल्यविशारदाच्या कौशल्याने सुटत नाही. अनेक तज्ज्ञ तंबाखू सोडल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करतच नाहीत आणि त्यांचे बरोबर आहे. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर आधी तपासून घ्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. दंतवैद्य आणि हृदयाचे डॉक्टर यांचे आपसात बोलणे घडवून आणावे.

कोणाकडे जावे आणि काय विचारावे

हे काम हिरड्यांच्या विषयात एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) केलेल्या तज्ज्ञाचे, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टचे आहे. शहरात असे तज्ज्ञ खासगी दवाखान्यांत असतात; पुणे रस्त्यावर केगाव येथे दंत महाविद्यालयही आहे, आणि दंत महाविद्यालयांत उपचार सहसा खासगीपेक्षा स्वस्त पडतात, मात्र हेलपाटे जास्त घालावे लागतात. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांनी पहिल्या भेटीतच एकूण किती वेळा यावे लागेल ते विचारून घ्यावे, कारण टाके काढायला आणि तपासणीला न येणे हे या उपचारातले नेहमीचे दुखणे आहे.

विचारायचे प्रश्न मोजके आहेत. माझी हिरडी कशामुळे हटली? माझा प्रकार तिन्हींपैकी कोणता आणि किती टक्के मूळ झाकले जाईल असे तुम्हाला वाटते? हिरडीखाली काय ठेवणार आणि ते कशापासून बनले आहे? खर्च दाताप्रमाणे की संपूर्ण बाजूचा, आणि त्यात पडद्याची किंमत धरली आहे का? काहीच केले नाही तर काय होईल? शेवटच्या प्रश्नाला ‘फारसे काही नाही, सहा महिन्यांनी मापे पाहू’ असे उत्तर देणारा डॉक्टर भेटला तर त्याला सोडू नये.

शस्त्रक्रियेनंतरचा निकाल आठवड्याभरात ठरवता येत नाही. सुरुवातीला सुजेमुळे हिरडी हवी त्यापेक्षा दातावर जास्त चढलेली दिसते, मग ती थोडी मागे बसते, आणि सहा महिन्यांनी घेतलेले माप बऱ्यापैकी स्थिर मानतात. टाळूच्या ऊतीने जाड झालेली हिरडी पुढची वर्ष-दोन वर्षे आपणहून थोडी दाताच्या टोकाकडे सरकत राहते, असेही काही रुग्णांत दिसते. म्हणून सहाव्या महिन्यात अर्धा-एक मिलिमीटर मूळ उघडे राहिले असले तर लगेच दुसऱ्या शस्त्रक्रियेचा आग्रह धरू नये. पहिल्या दोन आठवड्यांनंतर डॉक्टर अतिमऊ ब्रश हातात देतात आणि तो कसा फिरवायचा ते समोर करून घेतात, निदान करून घ्यायला हवे. पुढे दर सहा महिन्यांनी, आणि हिरड्यांचा जुना आजार असेल तर दर तीन ते चार महिन्यांनी, साफसफाई आणि तेच मोजमाप पुन्हा करून मागच्या नोंदीशी ताडून पाहावे लागते.